हर-२ प्रथिन : रोगाच्या पूर्वानुमानापासून औषधनिवडीपर्यंत – एक चिकित्सा

प्रस्तावना :
कर्करोगाच्या आधुनिक उपचारपद्धतीत जैवनिर्देशक प्रथिनांना मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. तथापि ‘रोगाची पुढील वाटचाल कशी राहील’ आणि ‘कोणते औषध लागू पडेल’ या दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ अनेकदा होते. स्तनाच्या कर्करोगातील हर-२ प्रथिनाच्या आधारे हा भेद तपासता येतो.

विवेचन :
डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ अर्बुदांची तपासणी केली. सुमारे ३० टक्के अर्बुदांत हर-२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या व अशा रुग्णांत रोग लवकर उलटत होता. या टप्प्यावर हर-२ हे केवळ अशुभसूचक चिन्ह होते. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडास मान्यता मिळाली आणि तेच चिन्ह उपचाराचे लक्ष्य बनले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६९ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्याने मध्यक जीवितकाल २०.३ वरून २५.१ महिन्यांवर गेला. मात्र अँथ्रासायक्लिनसोबत दिल्यास हृदयावर दुष्परिणाम होत असल्याचेही आढळले. म्हणजेच चाचणी चुकल्यास एखादी रुग्ण लाभाविना धोका पत्करते, तर दुसरी हक्काच्या उपचारास मुकते.

ही चाचणी कितपत वस्तुनिष्ठ आहे? पेशीच्या आवरणावरील गडद व सलग रंग किती पेशींत दिसावा, याची मर्यादा अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत २००७ मध्ये ३० टक्क्यांहून अधिक होती. २०१३ मध्ये ती १० टक्क्यांहून अधिक अशी ठरली. ऊती फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवण्याचा दंडक पाळला न गेल्यास निष्कर्ष बदलू शकतो.

२०२२ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाने प्रश्न अधिक गहन केला. प्रतिपिंडाला पेशीनाशक द्रव्य जोडलेले हे औषध हर-२ अल्प असलेल्या रुग्णांतही उपयुक्त ठरले. पूर्वी याच रुग्ण ‘निगेटिव्ह’ गणल्या जात. त्यांचे अर्बुद बदलले नव्हते. औषध बदलले होते.

निष्कर्ष :
‘पॉझिटिव्ह’ वा ‘निगेटिव्ह’ हा केवळ अर्बुदाचा गुणधर्म नसून प्रथिन, चाचणी आणि उपलब्ध औषध यांच्या परस्परसंबंधातून ठरणारा निर्णय आहे. म्हणूनच जैवनिर्देशकाचे मूल्यमापन करताना तो कोणत्या प्रश्नाचे, कोणत्या औषधाच्या संदर्भात उत्तर देतो, हे प्रथम स्पष्ट होणे अगत्याचे ठरते.