ऑनलाइन की वर्गाध्यापन? : वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभिप्राय-सर्वेक्षणांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : धुळे व जळगाव)

प्रस्तावना :
मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापन काही काळ ऑनलाइन झाले. तेव्हापासून 'ऑनलाइन अध्यापन बरे की वर्गातील?' असे विद्यार्थ्यांना विचारणारी अनेक सर्वेक्षणे झाली. प्रस्तुत लेखात या सर्वेक्षणांच्या मूळ प्रश्नाचीच चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पहिले वैगुण्य नमुनानिवडीचे आहे. प्रश्नावली बहुधा गूगल फॉर्मद्वारे पाठविली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे नेटवर्क मिळत नाही अशा पाड्यावर अडकलेला विद्यार्थी ती भरणार कशी? ऑनलाइन अध्यापनापासून जो सर्वाधिक वंचित, तोच नमुन्यातून गळतो. दुसरे वैगुण्य म्हणजे पसंती व आकलन यांतील गल्लत. व्याख्यान पुन्हा ऐकता येते म्हणून विद्यार्थी समाधानी असेल. परंतु तो अधिक शिकला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तथापि खरा दोष प्रश्नाच्या मांडणीत आहे. २०१९ च्या पदवी वैद्यकीय शिक्षण विनियमांनुसार व्याख्यानांचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक नसावा. उर्वरित वेळ परस्परसंवादी सत्रे, प्रात्यक्षिके, रुग्णाधारित शिक्षण व गटचर्चा यांसाठी आहे. म्हणजेच सर्वेक्षणांतील तुलना मुख्यतः शिक्षणाच्या लहान भागापुरती राहते.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. टाळेबंदी आली तेव्हा त्याची पहिली तुकडी द्वितीय वर्षात, रुग्णकक्षाच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी तेथील रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखीव झाले. या विद्यार्थ्यांनी वर्ग गमावला, त्याहून अधिक रुग्णकक्ष गमावला. आणि त्याविषयी प्रश्नावली मौन पाळते.

१९८९ पासून चालणाऱ्या धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही अहिराणी, भिली, पावरी बोलणारे रुग्ण येतात. 'पोट दुखस' एवढेच सांगणाऱ्या आजीबाईंकडून दुखणे नेमके कोठे, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, हे काढून घेणे आणि मग हाताने पोट तपासणे, हे कौशल्य पडद्यावर पाहता येते. अंगी बाणवता येत नाही.

ऑनलाइन माध्यमाची उपयुक्तता नाकारण्याचा येथे हेतू नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून बाहेरच्या तज्ज्ञांचे व्याख्यान ऐकता येणे हा मोठाच लाभ आहे. परंतु 'विद्यार्थी समाधानी आहेत' या निष्कर्षाचा आधार घेऊन उद्या शिक्षकांची रिक्त पदे भरण्याचे टाळले गेले, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागेल.

समारोप :
सारांश, यापुढील सर्वेक्षणांनी व्याख्यान, प्रात्यक्षिक व रुग्णकक्ष यांविषयी स्वतंत्र प्रश्न विचारावेत. प्रश्नावली छापील स्वरूपातही द्यावी. आणि अभिप्रायाशेजारी प्रत्यक्ष कौशल्यचाचणीचे निकाल मांडावेत. विद्यार्थ्यांचे मत मोलाचे आहेच. मात्र ते योग्य प्रश्नावर घेतले गेले पाहिजे.