वीज आली, भाता राहिला

ॲकॉर्डियन संपल्याची बातमी गेली साठ-सत्तर वर्षे अधूनमधून येत असते. अमेरिकेत १९५०च्या दशकापर्यंत मुलांना हे वाद्य शिकवायची मोठी हौस होती. मग रॉक अँड रोल आले, पोरांच्या गळ्यात इलेक्ट्रिक गिटार आली आणि ॲकॉर्डियन जुन्या पिढीच्या खाती जमा झाले. पुढे सिंथेसायझरने त्याचा आवाज एका बटणावर आणून ठेवला. तरीही कोलंबिया, लुइझियाना, दक्षिण टेक्सास आणि ईशान्य ब्राझीलमध्ये ते आजही जोरात वाजते आहे. याचे श्रेय सरसकट स्मरणरंजनाला दिले जाते. मला ते पटत नाही.

पहिले कारण वाद्याच्या रचनेतच आहे. सिरिल डेमियनने १८२९ साली व्हिएन्नात ज्या वाद्याचे पेटंट घेतले, त्याचे तत्त्व आपल्या पेटीचेच: हवेच्या झोताने थरथरणारी धातूची पत्ती. पण पेटीत हवा आधी आतल्या भात्यात साठते आणि दाब बराचसा एकसारखा होऊन पत्तीपर्यंत पोचतो. ॲकॉर्डियनमध्ये असा मध्यस्थ नाही. डाव्या हाताने दिलेला हिसका, थरथर, ओढ थेट सुरात उतरते. रोलँड कंपनीने २००४ साली डिजिटल ॲकॉर्डियन बाजारात आणले, तेव्हा पत्त्या गेल्या. पण भाता ठेवावाच लागला. त्यातला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि त्यानुसार आवाज घडतो.

कोलंबियाच्या व्हायेनातो संगीतातले बटणांचे ॲकॉर्डियन तर आणखी हट्टी. तेच बटण भाता दाबताना एक सूर देते, ओढताना दुसरा. त्यामुळे वादकाला भाता सतत उलटसुलट फिरवावा लागतो आणि त्या हिसक्यांतूनच नाचाचा ठेका धरला जातो. कीबोर्डवर सूर मिळतात, हा ठेका मिळत नाही.

पण रचना चांगली म्हणून वाद्ये टिकत नाहीत. तसे असते तर सारंगीवर वाईट दिवस आले नसते. वाद्याला प्रसंग लागतो. कोलंबियातल्या व्हायेदुपार शहरात १९६८पासून व्हायेनातोचा उत्सव भरतो. तिथे वादकाला पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया हे चारही प्रकार वाजवून दाखवावे लागतात. जिंकणारा ‘राजा’ ठरतो. पहिला राजा आलेहो दुरान. लुइझियानात क्लिफ्टन शेनिएने विजेशी भांडण मांडलेच नाही. त्याने पियानो ॲकॉर्डियन ध्वनिवर्धकावर चढवले, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम सोबत घेतले, गळ्यात अडकवायच्या पत्र्याच्या घासणीवर भाऊ क्लीव्हलंडला बसवले आणि झायडेको हे तिथले संगीत नाचघरांत गाजवले. टेक्सासचा फ्लाको हिमेनेस तर रोलिंग स्टोन्सच्या १९९४च्या अल्बममध्येही वाजवून आला.

मुंबईची गोष्ट मात्र उलटी झाली. गुडी सिरवई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स, केरसी लॉर्ड अशी तोलामोलाची माणसे इथे होती. ‘आराधना’तले (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ ऐकताना केरसी लॉर्ड यांचे ॲकॉर्डियन गायकाच्या ओळींमधल्या जागा कशा भरते, तिकडे कान द्या. गाण्यातली निम्मी धग त्या जागांमध्ये आहे. गंमत म्हणजे हिंदी चित्रसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या मंडळींत हेच केरसी लॉर्ड होते. त्यात विसंगती नाही. त्यांच्यासारख्या वादकाला दोन्ही वाद्यांची जात कळत होती. ज्याला फक्त खर्च कळतो, त्याला एकच कीबोर्ड पुरतो.

आपल्याकडे ॲकॉर्डियन स्टुडिओच्या नेमणुकीवर जगले. त्याच्याभोवती ना जत्रा होती, ना लग्नाचा नाच, ना स्पर्धा. स्टुडिओतले वाद्यवृंद आटले तशी त्याची नोकरी गेली. आज ते प्रामुख्याने जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत भेटते. तिथे मूळ ध्वनिमुद्रिकेतला तुकडा जसाच्या तसा वाजला की टाळी पडते. वादकांची तयारी वाखाणण्यासारखी असते, पण ही नक्कल आहे, परंपरा नव्हे. व्हायेदुपारच्या स्पर्धेत नव्या गाण्यांसाठीही वेगळा विभाग असतो. आपल्या संगीतकारांनी या वाद्यासाठी नवे काही लिहिल्याशिवाय त्याचे इथले दिवस पालटणार नाहीत. जुन्या जागा कितीही हुबेहूब वाजवल्या, तरी त्यातून पुढचा केरसी लॉर्ड घडणार नाही.