पत्ता सांगणारी माणसं

‘एल्डर स्क्रोल्स’ ही रोल-प्लेइंग गेमची मालिका बाळबोध होत गेली, हे सांगताना लोक कौशल्यं मोजतात: ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) २७, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) २१, ‘स्कायरिम’मध्ये (२०११) १८. ही तक्रार मला पोकळ वाटते. तलवार अंगाला लागलेली दिसायची आणि आतला फासा म्हणायचा, वार हुकला! ते गेलं, बरंच झालं.

गमावला तो रस्ता. मॉरोविंडमधली माणसं पत्ता सांगत, रावेरहून पालला निघालेल्याला कुणी सांगावा तसा: पूल ओलांडा, पुढे डावीकडे वळा. नीट ऐकावं लागे, तरी चुकायला होई. ऑब्लिव्हियननं होकायंत्रावर खूण दिली. स्कायरिममध्ये ती घालवता येते, पण मग कुठं जायचं ते बहुतेकदा कुणाच्या बोलण्यातच नसतं. ते लिहिलेलंच नाही.