बडोद्याच्या पोथ्या आणि वॉर्साचे तर्कशास्त्र

भारतीय प्रमाणशास्त्राचा अभ्यासक पुण्याचा असो, व्हिएन्नाचा असो की वॉर्साचा, बडोद्यात छापलेली काही पुस्तके त्याला हाताशी ठेवावीच लागतात. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत 1916 साली राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड ओरिएंटल सिरीज सुरू झाली. दहाच वर्षांत तिने शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या पंजिकेसह छापला. साडेतीन हजारांहून अधिक कारिकांचा हा ग्रंथ म्हणजे आठव्या शतकापर्यंतच्या सगळ्या वादांची खातेवहीच आहे. 1929 मध्ये जुझेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताने दिङ्नागापूर्वीचे बौद्ध तर्कग्रंथ चिनी भाषांतरांवरून पुन्हा संस्कृतात आणले, तेही बडोद्याच्याच मालेत. 1930 मध्ये आनंदशंकर ध्रुवांचा ‘न्यायप्रवेश’ आला, 1949 मध्ये अर्चटाची ‘हेतुबिंदुटीका’, आणि 1961 मध्ये मुनी जंबुविजयांनी चंद्रानंदाच्या वृत्तीसह सिद्ध केलेले ‘वैशेषिकसूत्र’.

यांतला सर्वांत धाडसी ग्रंथ जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. पाटणच्या ग्रंथभांडारात 1926 मध्ये त्याची ताडपत्रावरची एकच पोथी सापडली. पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी ती संपादित केली आणि 1940 मध्ये ती बडोद्यातून प्रसिद्ध झाली. सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षीच गेलेली होती. दुसऱ्याकडून वाचून घेऊन, मनात पाठ जुळवून त्यांनी हे काम तडीस नेले. भारतीय विद्वत्तेच्या इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल.

जयराशी नैयायिकांच्या प्रत्यक्षाच्या व्याख्येतले एकच विशेषण उचलतो: ज्ञान ‘अव्यभिचारी’ असावे. मग विचारतो, ते अव्यभिचारी आहे हे कळते कशावरून? निर्दोष कारणांपासून उपजले म्हणून? पण डोळ्याची निर्दोषता डोळ्याला दिसत नाही, आणि तिचे अनुमान करायचे तर ज्ञान खरे आहे हे आधी गृहीत धरावे लागते. बाध आला नाही म्हणून? पण बाध न येण्याचे कारण ज्ञानाचा खरेपणाही असेल, किंवा बाधक सामग्री जुळलीच नाही एवढेच असेल. प्रवृत्ती सफल झाली म्हणून? ती सफल झाली हे कळणे हेही एक ज्ञानच, त्याचा खरेपणा कोण ठरवणार? एकेक विकल्प घेऊन तो शेवटपर्यंत नेण्याची ही पद्धत आजच्या कोणत्याही विश्लेषक तत्त्वज्ञाला ओळखीची वाटेल. असा ग्रंथ बडोद्याने जगाला दिला. त्यावरचे महत्त्वाचे तात्त्विक लेखन मात्र पुढे मुख्यतः इतरत्र झाले. या क्षेत्रातले एक मोठे नाव प्योत्र बाल्त्सेरोविच. ते वॉर्सा विद्यापीठाचे. जैन प्रमाणशास्त्र आणि जयराशी हे दोन्ही त्यांच्या अभ्यासाचे विषय आहेत.

जयराशीचा अभ्यासक वॉर्साचा असणे हा केवळ योगायोग नव्हे. पोलंडमध्ये तर्कशास्त्राची जी शाळा उभी राहिली तिच्या घडणीतच भारतीय तर्काकडे पाहण्याची एक दृष्टी होती. काझिमिएझ त्वार्दोव्स्की 1895 मध्ये व्हिएन्नाहून ल्वूफला प्राध्यापक म्हणून आले. पोलंडमध्ये त्यांचा मोठा ठसा उमटला तो सिद्धान्ताने नव्हे, शिकवण्याने. त्यांनी शिकवली ती शिस्त: जे म्हणायचे ते स्पष्ट म्हणा, प्रत्येक पायरीचा आधार दाखवा, आणि पोलिश भाषेत लिहा. 1911 मध्ये त्यांनी ‘रुख फिलोझोफिच्नी’ हे नियतकालिक काढले आणि परदेशी तत्त्वज्ञानाची खबर पोलिश वाचकाला त्याच्या भाषेत मिळू लागली. या तालमीतून यान वुकासिएविच, कोतार्बिन्स्की, आयदुकिएविच, लेश्निएव्स्की असे लोक निघाले. 1915 मध्ये वॉर्साचे पोलिश विद्यापीठ पुन्हा उघडले आणि तिथे वुकासिएविच व लेश्निएव्स्की यांनी गणिती तर्कशास्त्राचे केंद्र उभारले. वुकासिएविचांनी 1920 मध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र मांडले. आल्फ्रेड तार्स्कींचा सत्याच्या संकल्पनेवरचा प्रबंध 1933 मध्ये प्रथम पोलिश भाषेतच आला. राष्ट्र नव्याने उभे राहत होते, ग्रंथालये अपुरी होती, तरी वीस वर्षांत त्यांनी जगाचे लक्ष वेधले. महायुद्धाने ही शाळा विखुरली. कित्येक जण मारले गेले. वुकासिएविच डब्लिनला जाऊन राहिले आणि 1956 मध्ये तिथेच वारले.

वुकासिएविच नुसती नवी चिन्हे घडवून थांबले नाहीत. त्याच चिन्हांनी त्यांनी ॲरिस्टॉटल आणि स्टोइक पुन्हा वाचले आणि स्टोइकांचे विधानांचे तर्कशास्त्र ही ॲरिस्टॉटलची निकृष्ट नक्कल आहे हा रूढ समज मोडून काढला. स्तानिस्वाव शायर यांनी हीच रीत भारताला लावली. हे संस्कृतज्ञ वॉर्सा विद्यापीठातल्या प्राच्यविद्या संस्थेचे संस्थापक. 1932 आणि 1933 मध्ये त्यांनी भारतीय तर्कशास्त्रावर जे निबंध लिहिले त्यांचा मुद्दा मला आजही निर्णायक वाटतो. नैयायिकाचे पंचावयवी अनुमान घ्या: पर्वतावर अग्नी आहे, धूर आहे म्हणून, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा पर्वतही तसाच, म्हणून तो अग्नीयुक्त आहे. युरोपीय पंडित याला ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या साच्यात कोंबत आणि उरलेल्या दोन अवयवांना पाल्हाळ म्हणत. शायर म्हणाले, साचाच चुकीचा आहे. ॲरिस्टॉटल वर्गांविषयी बोलतो, इथे एका विशिष्ट पर्वताविषयी बोलणे चालले आहे. व्याप्ती हे ‘कोणतीही वस्तू घ्या, तिच्यात धूर असेल तर अग्नी असेल’ अशा रूपाचे विधान आहे. उपनय त्या ‘कोणत्याही’च्या जागी हा पर्वत ठेवतो, आणि निगमन त्यातून निष्कर्ष सुटा करतो. म्हणजे ज्याला पाल्हाळ म्हटले तीच अनुमानाची एक स्वतंत्र पायरी ठरली. या वाचनावर आक्षेप आहेत. दृष्टान्ताचे काय, अनुमान हे रूप आहे की ज्ञानाची घटना, असे प्रश्न पुढे उभे राहिले. पण ते प्रश्न नेमकेपणाने विचारता आले ते या वाचनामुळेच. शायर 1941 मध्ये, ऐन युद्धात, गेले.

मराठीकडे वळले की चित्र वेगळे दिसते. कर्तबगार माणसे इथेही झाली. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आणि आठल्ये-बोडसांनी सिद्ध केलेला 1897 चा ‘तर्कसंग्रह’ ही पायाची कामे. बडोदा कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आल्बन विजरी यांनी गुरुदेव रानड्यांबरोबर ‘इंडियन फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’ चालवला. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान केंद्र काढले, पण तिथला ओढा वेदान्ताकडे होता. विश्लेषणाची बाजू नंतरच्या पिढीने सांभाळली. दि. य. देशपांडे यांनी युक्तिवादाची शिस्त मराठी वाचकाला आयुष्यभर शिकवली आणि 1990 मध्ये नागपुरात ‘आजचा सुधारक’ सुरू केला. दे. द. वाडेकरांनी ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’चे तीन खंड पुरे केले. सुरेंद्र बारलिंगे यांनी 1965 मध्ये भारतीय तर्कशास्त्राचा आधुनिक परिचय इंग्रजीत लिहिला. शायरची वाट मराठी माणसाने घेतली असेल तर ती इथे. प्रदीप गोखले यांनी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचे ‘वादन्याय’ आणि ‘हेतुबिंदु’ इंग्रजीत भाषांतरित केले आणि चार्वाकावर सविस्तर ग्रंथ लिहिला.

मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने 1983 च्या जुलैमध्ये पुण्यात जे झाले त्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो. संस्कृत शास्त्रीपंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञ समोरासमोर बसले. विषय होता बर्ट्रांड रसेलची विधानाविषयीची उपपत्ती. पंडितांनी तिच्यावर आपल्या शास्त्राच्या परिभाषेत आक्षेप घ्यावेत, आधुनिकांनी उत्तरे द्यावीत. ज्ञानाचा विषय होणारे, पण ज्ञानाहून आणि वस्तूहून वेगळे असे ‘विधान’ मानण्याची गरजच काय, हा प्रश्न न्यायाच्या बाजूने किती ताकदीने विचारता येतो ते तिथे दिसले. त्यातून ‘संवाद’ हा ग्रंथ 1991 मध्ये निघाला. वुकासिएविचने मेलेल्या ग्रंथकारांशी जे केले ते इथे जिवंत परंपरेशी होत होते. ते नियमित चालणारे चर्चासत्र झाले नाही, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

माणसांची उणीव कधी नव्हती. उणीव होती ती आठवड्याला भरणाऱ्या, एकाच भाषेत वाद घालणाऱ्या, गुरूची चूक शिष्याने दाखवायची अशा मंडळाची. बडोद्यात प्राच्यविद्या मंदिर 1927 पासून आहे. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि मंदिर त्याचा भाग बनले. मंदिराची पुढची ताकद वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीत गेली, आणि ते कामही थोरच आहे. पण पोथी शोधणारा, पाठ ठरवणारा आणि युक्तिवाद तपासणारा अशी तीन कामे तीन जणांत वाटली गेली की तिसरा बहुधा दुसऱ्या गावात, दुसऱ्या भाषेत असतो. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय मराठीत घेता येतो. सत्यता कोष्टके मांडणारा तो विद्यार्थी पुढे व्याप्तीपर्यंत पोहोचावा अशी वाट आपण बांधलेली नाही.

त्या वाटेसाठी लागणारे साहित्य बडोद्याच्या मालेतच आहे. जैन आचार्य हरिभद्राची ‘अनेकान्तजयपताका’ 1940 आणि 1947 मध्ये हीरालाल कापडिया यांच्या संपादनात दोन खंडांत निघाली. ती वाचायचे एक साधन पोलंडमध्येच घडले. वुकासिएविचांचा शिष्य स्तानिस्वाव याश्कोव्स्की याने 1948 मध्ये चर्चेचे तर्कशास्त्र मांडले. चर्चेत एक जण ‘आहे’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो. दोन्ही विधाने चर्चेत स्वीकारली गेली म्हणून त्यांना ‘आणि’ने जोडून वाटेल तो निष्कर्ष काढता येत नाही. जोनार्डन गनेरी यांनी 2002 मध्ये जैनांची सप्तभंगी, म्हणजे ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘अवक्तव्य’ यांपासून होणारे विधानांचे सात प्रकार (भंग), याच प्रणालीच्या साहाय्याने वाचून दाखवली. ते वाचन पटण्याजोगे असले तरी पुरे नाही. ‘अवक्तव्य’ हा भंग तिसरे सत्यमूल्य मानायचा की दोन नय (दृष्टिकोन) एकदम बोलता न येण्याची नोंद, हे सूत्रातून ठरणार नाही. त्यासाठी हरिभद्राचे प्रत्यक्ष युक्तिवाद ओळीने तपासायला हवेत. ‘हेतुबिंदुटीके’वरही असेच काम बाकी आहे. स्वभाव, कार्य आणि अनुपलब्धी या तीनच हेतूंवर धर्मकीर्ती का अडून राहतो, आणि अर्चट त्याचा बचाव कुठे ताणतो, हे चिन्हांत मांडून पाहता येईल. मूळ टीका बडोद्याची, ‘हेतुबिंदू’चे भाषांतर पुण्याच्या अभ्यासकाचे, आणि पद्धत वॉर्साची. एका वर्षाच्या मराठी चर्चासत्राला एवढी सामग्री पुरेशी आहे, आणि सुरुवात ‘हेतुबिंदुटीके’पासून करावी, कारण तिथे युक्तिवाद लहान आहेत आणि प्रतिपक्ष नावानिशी समोर उभा आहे.