तुरा, क्रिस्ता आणि मोरपिसांचा टोप

प्राचीन रोमन सैनिकाच्या शिरस्त्राणावर घोड्याच्या केसांचा किंवा पिसांचा जो गुच्छ बसविला जाई, त्यास लॅटिन भाषेत ‘क्रिस्ता’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिच्यासाठी ‘तुरा’ हाच शब्द सहज सुचतो. किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीच्या सुमारास गोंडांच्या दंडारीत घुसाडी मोरपिसांचा जो भव्य टोप धारण करतो, त्याचे वर्णन करतानाही आपल्या लेखणीवर हाच शब्द येतो. दोन्ही ठिकाणी शब्द चुकत नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ येणारी कल्पना चुकते. ती तपासून पाहणे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

‘तुरा’ हा मूळचा अरबी ‘तुर्रा’; फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. कपाळावरील केसांची बट हा त्याचा एक जुना अर्थ. मराठीने त्याचा विस्तार केला. कोंबड्याला तुरा असतो, उसाला तुरा येतो, फेट्याला तुरा लावतात, आणि शाहिरांचे कलगी व तुरा असे दोन पक्षच झाले. लॅटिन ‘क्रिस्ता’चा व्यवहारही असाच आहे. ती आधी पक्ष्याच्या डोक्यावर दिसते, मग सैनिकाच्या. सीझरने गॉल प्रांतात उभारलेल्या एका सैन्यदलाला ‘अलाउदे’, म्हणजे चंडोल, असे नाव होते. चंडोलाच्या डोक्यावरही तुरा असतोच. तेव्हा अर्थक्षेत्राच्या दृष्टीने ‘क्रिस्ता’स ‘तुरा’ हा प्रतिशब्द उत्तमच म्हटला पाहिजे.

दोष आहे तो ‘शिरपेचात मानाचा तुरा’ या वाक्प्रचारात. त्यात शिरपेच आधीच पूर्ण असतो. तुरा वरून खोवला जातो. तो नसता तरी माणूस तोच राहिला असता. अतिवापराने हा वाक्प्रचार मूळ शब्दावर इतका स्वार झाला आहे की तुरा म्हणजे शोभा, असे समीकरण आपण विचार न करता मांडतो.

रोमन पुरावा या समीकरणास अनुकूल नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस सांगतो की, त्या काळचे पायदळातील सैनिक जांभळी अथवा काळी, सुमारे एक हात उंचीची तीन पिसे शिरस्त्राणावर लावीत. त्यामुळे माणूस दुप्पट उंच भासे आणि शत्रूच्या मनात धडकी भरे. शतनायकाचा, म्हणजे सेंच्युरियनचा, तुरा आडवा असे. आपल्या लोकांना नायक चटकन ओळखता यावा, असे त्याचे कारण व्हेजेशियस देतो. कार्नुन्टम येथील कालिडियस सेव्हेरस या शतनायकाच्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील समाधिशिलेवर आडव्या तुऱ्याचे शिरस्त्राण कोरलेले आहे. इ. स. पू. ५७ मध्ये साबिस नदीकाठी शत्रू इतक्या अकस्मात चालून आला की सैनिकांना आपली चिन्हे लावण्यास, इतकेच काय, शिरस्त्राणे चढविण्यासही अवसर मिळाला नाही, असे खुद्द सीझरच नमूद करतो. चिन्हे लावणे हा युद्धसज्जतेचाच एक भाग होता, हे यावरून दिसते.

घुसाडीची गोष्ट याहून स्पष्ट आहे. अंगाला राख, कमरेला कातडे, हाती काठी आणि मस्तकी मोरपिसांचा टोप, असा तो गावोगाव फिरतो. टोप पूज्य मानला जातो. दंडारीच्या त्या दिवसांत घुसाडी स्नान करीत नाही. त्याच्या ठायी देवाचा संचार आहे अशी श्रद्धा असते. टोप उतरला की तोच मनुष्य पुन्हा शेतकरी होतो.

या दोहोंत काही ऐतिहासिक संबंध आहे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. एक युद्धातला, दुसरा उपासनेतला. एकाने भय निर्माण करावे, दुसऱ्याने भक्ती. साम्य आहे ते कार्याचे. आपल्या वाक्प्रचारातील तुरा ‘केवढा?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. हे दोन्ही तुरे ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. घुसाडी आता रंगमंचावर आणि मिरवणुकीत दिसतो. त्या नृत्याचे नामवंत गुरू, मार्लवाईचे कनक राजू, यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हा गौरव उचितच होय. परंतु टोपाला ‘तुरा’ म्हणजे शोभा ठरविले की तो कोणीही, केव्हाही, कोणत्याही सोहळ्यात घालावा, असे वाटू लागते. आणि ज्याच्या पूजेपासून आरंभ व्हावयाचा, ती वस्तू पोशाखाच्या पेटीत जाऊन पडते. वर्णनकाराचा शब्द येथे निरुपद्रवी राहत नाही.

उपाय दूरचा नाही. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. गोंडी व कोलामी या भाषा आपल्या दाराशीच आहेत. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. आपण निदान त्यांतील नामे तरी जपावीत. या टोपास गोंडीत ‘मल बूरा’ म्हणतात. ‘मल’ म्हणजे मोर. वर्णनात हे नाव प्रथम यावे आणि ‘तुरा’ हा शब्द त्याच्या स्पष्टीकरणापुरता यावा. रोमन शिरस्त्राणासंबंधी लिहितानाही ‘शोभेसाठी’ हे पद आधी गाळावे, आणि मगच तुऱ्याचे वर्णन करावे.