चालते, पण कळत नाही!

बीड शहरालगत पाटांगण नावाचे ठिकाण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती छापली आणि तिच्यातील मराठीचे व्याकरणही लिहिले. ती पोथी नेमकी किती जुनी यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. तो वाद आपण येथे बाजूला ठेवू. आपल्याला पाहायचे आहे ते राजवाड्यांपुढचे काम. जुन्या पोथीत शब्द एकमेकांना चिकटून लिहिलेले असतात. नक्कल करणाऱ्याला जो शब्द कळला नाही, तेथे त्याने आपल्या मनाने सोपा शब्द घातलेला असतो. लिहिणारा तर कधीच निघून गेलेला. विचारायचे कोणाला?

संगणकावरच्या लेखात पोथी कशाला, असे आपल्याला वाटेल. पण बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकून पुण्यात नोकरीला लागलेल्या एखाद्या मुलाला त्याचे पहिले काम विचारून पाहा. नवी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, लिहिण्याचे काम त्याला सहसा मिळत नाही. दुसऱ्या कोणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली त्याच्या हाती दिली जाते आणि 'एवढी दुरुस्ती कर' असे सांगितले जाते. तो ती उघडतो आणि थक्क होतो. चलांची नावे अ, ब, क, अ१, अ२ अशी. तीच आकडेमोड सहा ठिकाणी उतरवलेली, त्यांतील पाच ठिकाणी सारखी आणि सहाव्या ठिकाणी किंचित वेगळी. मध्येच एक ओळ, जिचा कशाशीच संबंध दिसत नाही. आणि तरीही आज्ञावली चालते! अशा वेळी 'हे कोणी लिहिले?' हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी येतो. चार-सहा महिन्यांपूर्वी आपणच ते लिहिले होते, असे उत्तर निघाल्याचा अनुभवही पुष्कळांना आहे.

दोष कुणाचा? लिहिणाऱ्याच्या आळसाचा आणि घाईचा तर आहेच. पण त्यातला बराचसा वाटा आपल्या शिकवण्याचा आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेख.

एकच मजकूर, दोन वाचक

आज्ञावली संगणकासाठी असते, असे आपण वर्गात सांगतो. हे अर्धेच खरे आहे. शाळेच्या निकालाच्या आज्ञावलीतील ही ओळ पाहा :

जर अ < ३५ आणि अ + ब >= ३५ तर क = १

आणि थोडे पुढे :

ड = इ / ३५

संगणकाची काहीच तक्रार नाही. पण समजा वर्गातील मुलांची संख्या ३५ वरून ४० झाली आणि बदल करायला नवा माणूस बसला. पहिला ३५ उत्तीर्ण होण्याच्या गुणांचा आहे, दुसरा मुलांच्या संख्येचा. हे त्याला कसे कळावे? त्याने सगळेच ३५ पुसून ४० केले, तर काही मुले विनाकारण नापास होतील. आता तीच आज्ञावली अशी लिहू :

उत्तीर्णगुण = ३५
वर्गसंख्या = ३५
जर मिळालेलेगुण < उत्तीर्णगुण आणि मिळालेलेगुण + सवलतगुण >= उत्तीर्णगुण तर निकाल = 'सवलतीने उत्तीर्ण'
सरासरी = एकूणगुण / वर्गसंख्या

संगणकाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. फरक पडला तो माणसाच्या दृष्टीने. म्हणजे आज्ञावलीला दोन वाचक असतात, एक यंत्र आणि दुसरा माणूस. पहिला वाचक चूक लगेच दाखवतो, म्हणून त्याची काळजी सगळे घेतात. दुसरा वाचक अजून आलेलाच नसतो, म्हणून त्याची आठवण कोणाला राहत नाही.

परीक्षेतील कोडे

आता आपल्या प्रश्नपत्रिकांकडे वळू. 'सी' भाषेच्या परीक्षांत आणि नोकरीच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे विचारला गेलेला एक प्रश्न असा :

क = ५; क = क++ + ++क; तर क ची किंमत किती?

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'क++' म्हणजे क ची आधीची किंमत वापरा आणि मग क एकने वाढवा. '++क' म्हणजे आधी वाढवा, मग वापरा. विद्यार्थी घाम गाळून १२ किंवा १३ लिहितो. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात यांपैकी एक बरोबर आणि दुसरे चूक ठरलेले असते.

खरे उत्तर असे की, या प्रश्नाला उत्तरच नाही! 'सी' भाषेचे प्रमाणित नियम १९८९ साली ठरले. एका चलाची किंमत अशा एकाच वाक्यात एकाहून अधिक वेळा बदलली, तर काय व्हावे हे ते नियम सांगत नाहीत. कंपायलर, म्हणजे आपली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली, काहीही करायला मोकळा असतो. एकावर १२ येईल, दुसऱ्यावर १३. म्हणजे आपण विद्यार्थ्याला भाषेचा नियम विचारत नसतो. कधीकाळी एका विशिष्ट कंपायलरवर पडद्यावर जे दिसले, ते विचारत असतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत तो कंपायलर बहुधा १९८७ साली निघालेला टर्बो सी असे.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने आपल्याकडील अनेक पिढ्यांना ही भाषा सोप्या शब्दांत शिकवली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांच्याच 'टेस्ट युअर सी स्किल्स' या पुस्तकाने छोट्या आज्ञावल्या देऊन 'काय छापले जाईल?' असे विचारले. अभ्यासाला पूरक म्हणून अशा प्रश्नांना माझा आक्षेप नाही. आपण केले ते असे की, पूरक होते तेच मुख्य करून टाकले. प्रश्न तपासायला सोपा, उत्तर एका आकड्याचे, गुण देणे झटपट.

याने नुकसान काय होते? चुकीच्या उत्तराला गुण मिळतात, हे लहान नुकसान. मोठे नुकसान असे की, अवघड दिसणारी ओळ म्हणजे हुशारी, असा संस्कार मुलाच्या मनावर होतो. असले वाक्य लिहूच नये, हे उत्तर देणाऱ्या मुलाला शून्य मिळते. मग हाच मुलगा नोकरीत कोडी लिहू लागला, तर आश्चर्य कसले?

मुद्दाम दुर्बोध लिहिण्याचीही एक जागा आहे. १९८४ पासून 'सी' भाषेत सर्वांत दुर्बोध आज्ञावली लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. पण ती थट्टा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. महानुभाव पंथीयांनीही आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मात्र त्यांनी लिपीची किल्ली शिष्यपरंपरेने जपली. आपला प्रोग्रामर कुलूप लावतो आणि किल्ली न देताच नोकरी बदलतो.

विचित्र म्हणजे चूक नव्हे

मग असली आज्ञावली हाती आली की सरळ पुसून नवी लिहावी काय? येथे राजवाड्यांच्या पोथीकडे परत जायला हवे. पाठचिकित्सेचा एक जुना नियम आहे. दोन प्रतींत एका जागी सोपा शब्द आणि दुसऱ्या जागी अनोळखी शब्द असेल, तर अनोळखी शब्द मूळचा असण्याचा संभव अधिक. कारण नक्कल करणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. म्हणून जे कळत नाही ते चूकच, असे समजून पुसू नये. आधी ते तसे का असेल याचा शोध घ्यावा.

आज्ञावलीतही हेच खरे. सन २००० जवळ आले तेव्हा जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच आकडे लिहिल्याचे लक्षात आले आणि '००' म्हणजे १९०० की २००० हा घोळ झाला. मुंबई-पुण्याच्या कितीतरी प्रोग्रामरांनी परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कोबोल आज्ञावल्या ओळीओळीने वाचून त्या दुरुस्त केल्या. आज आपण त्या जुन्या लोकांना हसतो. पण त्यांच्या कार्डावर ८० अक्षरेच मावत आणि स्मृती फार महाग होती. दोन अंक वाचवणे हा त्या काळी शहाणपणाच होता. चूक झाली ती कारण लिहून न ठेवण्याची.

न वाचता उतरवून घेणे तितकेच घातक. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत फुटले. त्यातील आज्ञावलीचा एक भाग जुन्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतलेला होता. एका राशीसाठी ठेवलेल्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. जुन्या रॉकेटवर तो तेवढा मोठा होतच नसे. नवे रॉकेट वेगळ्या मार्गाने अधिक वेगात गेले आणि आकडा जागेबाहेर गेला. गंमत म्हणजे उड्डाणानंतर त्या आकडेमोडीची एरियन-५ ला गरजच नव्हती.

आणि निरुपयोगी झालेले तसेच पडू देणे? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीने आठ संगणकांवर नवी आज्ञावली चढवायचे ठरवले. एकावर ती चढवायची राहिली. त्या एका संगणकात २००३ पासून न वापरलेला जुना भाग होता आणि तो सुरू करणारी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली होती. जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले.

वर्गात काय करता येईल?

मराठी शिकवताना आपण आधी वाचन घेतो, मग निबंध. आज्ञावली-लेखनात मात्र पहिल्या दिवसापासून निबंधच! मुलाने दुसऱ्याची चांगली आज्ञावली कधी वाचलेलीच नसते. ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी १९७४ साली प्रोग्रामिंगच्या शैलीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी छापील पाठ्यपुस्तकांतल्याच आज्ञावल्या घेतल्या, त्यांतील दोष दाखवले आणि त्या पुन्हा लिहून दाखवल्या. हे आपल्या वर्गात सहज करता येईल.

त्यासाठी संगणकाचीही गरज नाही, फळा पुरेसा आहे. एका मुलाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याला द्यावी आणि लिहिणाऱ्याला गप्प बसवावे. वाचणाऱ्याने ती काय करते ते सांगावे. जेथे तो अडखळेल तेथे नाव बदलावे किंवा टिपण लिहावे. टिपण 'क मध्ये १ मिळवला' असे नको, ते ओळीवरूनच दिसते. 'उशिरा आलेल्या अर्जाचा एक दिवस धरला' असे, म्हणजे कारण सांगणारे हवे. 'काय छापले जाईल?' या प्रश्नाच्या जोडीला 'हे अधिक स्पष्ट कसे लिहाल?' हा प्रश्न विचारावा. तपासायला वेळ जास्त लागेल, हे खरे.

पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली. मूळ ग्रंथावर श्रद्धा, वाचण्याचा धीर आणि स्वतःची ओवी न घुसडण्याचा संयम, हे तिन्ही त्यांच्यापाशी होते. दुसऱ्याची आज्ञावली दुरुस्त करायला बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यालाही याच तीन गोष्टी लागणार आहेत. त्या त्याला कोणत्या तासाला शिकवायच्या, हे आपण शिक्षकांनीच ठरवायचे आहे.