रेडिओचा धनी कोण?

दिवाळी जवळ आली की मला आमच्या घरातल्या रेडिओच्या लायसेन्सचे पुस्तक आठवते. दादा दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरीत आणि पुस्तक कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी ठेवीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागत असताना रेडिओवर कीर्तन सुरू होई. एके वर्षी ऐन कीर्तनात आवाज बंद पडला. दादा ओल्या अंगानेच उठले आणि म्हणाले, "पैसे भरतो आपण! उद्या पत्र लिहितो." आणि त्यांनी खरोखरच लिहिले.

त्या पत्राचे काय झाले हे महत्त्वाचे नाही. रेडिओ आपला आहे आणि त्याला जाब विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, असे एका साध्या पगारदार माणसाला वाटत होते, हे महत्त्वाचे. सरकारने नभोवाणीवर पैसे खर्च करावेत की नाही, हा वाद हल्ली पुन्हा ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो, बाजाराला हवे असेल ते टिकेल, बाकीचे बंद करा. दुसरा म्हणतो, संस्कृतीचे रक्षण सरकारवाचून कोण करणार? मला दोन्ही पक्ष थोडे विसराळू वाटतात.

पहिल्या पक्षाला आठवण करून द्यायला हवी की आपल्याकडे आरंभ खाजगी कंपनीनेच केला होता. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. लायसेन्सची फी वर्षाला १० रुपये. तेवढे पैसे देणारे श्रोते पुरेसे मिळेनात, भांडवल आटले, आणि १९३० साली कंपनी बुडाली. त्याच वर्षी सरकारने तो पसारा आपल्या हाती घेतला. म्हणजे सरकार येथे घुसखोर म्हणून आले नाही. व्यापाऱ्याने टाकून दिलेले मूल त्याने उचलले, असे म्हणणे अधिक खरे.

आणि त्या पैशातून काय उभे राहिले हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्राने १९५५च्या रामनवमीला 'गीतरामायण' हाती घेतले. सीताकांत लाड यांची योजना, गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गळे. वर्षभर आठवड्याला नवे गीत, एकूण ५६. टीकाकार या गीतांच्या प्रासादिकतेविषयी बोलतात, ते योग्यच आहे. पण मला त्यांच्यामागची एक कोरडी गोष्ट तितकीच मोलाची वाटते. एका वर्षाचा अवधी कवीला आणि संगीतकाराला कोणीतरी आधीच देऊन ठेवला होता. आकाशवाणीवर तेव्हा जाहिराती नव्हत्या. चौथ्या आठवड्याला साबणाचा खप वाढला का, असे विचारणारा कोणी नव्हता. आणि दिल्लीहून 'सातवे गीत असे करा' असेही कोणी सांगत नव्हते. पैसा सार्वजनिक, निर्णय मात्र केंद्रावरच्या जाणत्या माणसाचा. माझ्या मते 'गीतरामायणा'च्या यशातले अर्धे श्रेय प्रतिभेचे असेल, तर उरलेले या व्यवस्थेचे आहे. १९५६ साली याच पुणे केंद्राने सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची ऐकणारी मंडळे जमविली. लोक कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. यातून नफा कोणाला होणार होता?

पण आता दुसऱ्या पक्षाकडे वळले पाहिजे. हीच वर्षे, हीच तिजोरी, आणि मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. तेही मराठी, संगीताचे चाहते. १९५२ साली त्यांनी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. अनेक घरांत मोठे गवई प्रथम त्यामुळेच पोहोचले. हे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्याच सुमारास त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद केले. लोकांनी काय ऐकावे हे एका माणसाच्या अभिरुचीने ठरविले. लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर १९५७ साली 'विविधभारती' काढून सरकारलाच माघार घ्यावी लागली.

अभिरुचीचा आग्रह निदान हसून सोडून देता येतो. आणीबाणीत मात्र हसण्यासारखे काही उरले नाही. बातम्या सरकारचे निवेदन झाल्या, आणि १९७६ साली सरकारी मर्जी मोडली म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. पैसे देणारा हात गळ्यापर्यंत पोहोचायला किती थोडा वेळ लागतो, हे तेव्हा दिसले.

पुढे वर्घीज समिती झाली, १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. मधे, १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा मोठा वाटा होता. परंतु दारावरची पाटी बदलली तरी तिजोरीची किल्ली मंत्रालयाच्याच कनवटीला राहिली. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार आजही सरकारी अनुदानावर आहे. ज्याला पगारासाठी दरवर्षी हात पसरावा लागतो, त्याच्याकडून परखड बातमीची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

म्हणून अनुदान बंद करावे काय? अमेरिकेने तो प्रयोग केला आहे. तेथील काँग्रेसने २०२५ साली सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणगीदार मिळतीलही. पण त्या पैशावर अधिक विसंबून होती ती लहान गावांची केंद्रे. आपल्याकडे हीच कुऱ्हाड चालली तर मुंबईचे काही अडणार नाही. अडेल ते आडगावच्या श्रोत्याचे.

माझे मत असे आहे. पैसा सार्वजनिकच असावा, पण तो कायद्याने अनेक वर्षांसाठी एकदम बांधून द्यावा. दरसाल मंत्र्याच्या दारी जायला लागू नये. आणि तो कसा खर्च झाला याचा जाब मंत्रालयाने नव्हे, संसदेने आणि श्रोत्यांनी घ्यावा. यात नवे काही नाही. वर्घीज समितीचा रोखही स्वायत्ततेकडेच होता. नवे असेल तर एवढेच की आपणही थोडे जागे व्हावे. १९८०च्या दशकात लायसेन्स गेले. आपल्याला आनंद झाला, पैसे वाचले. पण त्या पुस्तकाबरोबर पत्र लिहिणारा श्रोताही हळूहळू नाहीसा झाला. आता पैसे आपल्या करातून जातात. म्हणजे देतो आपणच, फक्त देतो आहोत हे विसरलो आहोत.

दादांचे ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे उठून रेडिओ लावणार आहे. कीर्तन चांगले झाले तर तसे केंद्राला कळवीन. मध्येच बंद पडले, तर तेही कळवीन.